सगळ्या खिडक्या सारख्या

शुद्धलेखन चुकलं, शब्द साधे वाटले, तर सांभाळून घ्या. मी वसईत खिडक्या बसवतो. समुद्राकाठच्या जुन्या कॉलनीत खाऱ्या वाऱ्याने गंजलेली राऊतकाकूंची खिडकी चौकटीसकट पडली. पाऊस थेट अंथरुणावर येत होता. मी नवी घेऊन गेलो, तर कॉलनीचे अध्यक्ष चुरीसाहेब आडवे आले.

"एकच नवी चालणार नाही. इथे सगळ्या खिडक्या सारख्याच दिसल्या पाहिजेत. नियम आहे."

काकू म्हणाल्या, "बरोबर आहे, भाऊ. माझ्याकडे आता नुसतं भगदाड आहे. पोरा, पहार घे. साहेबांच्या घरापासून सगळी सारखी करत ये."

साहेब धावत घरी गेले आणि आपली खिडकी घट्ट धरून उभे राहिले. तीही गंजलेलीच, हातात आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन खिडक्या बसवल्या. आधी काकूंची.