गोजराचे तीन मंत्र

फार पूर्वी डोंगरातल्या एका वस्तीत गोजरा नावाची मांत्रिक बाई राहत असे. तिला तीनच मंत्र येत. एक झोपवण्याचा, एक आगीचा आणि एक वार थोपवण्याचा. एकदा म्हटलेला मंत्र दुसऱ्या दिवशी सूर्य उगवेपर्यंत पुन्हा चालत नसे.

तरुणपणी तिने कोल्ह्यांच्या टोळीवरच तिन्ही मंत्र उधळले होते. मागून अस्वल आले, तेव्हा तिला झाडावर चढून जीव वाचवावा लागला. तेव्हापासून मंत्र म्हणायची वेळ आली की तिची जीभ अडखळे.

एका उन्हाळ्यात पलीकडच्या खोऱ्यात एक राक्षस झऱ्यावर ठाण मांडून बसला. तिथली माणसे पाण्यावाचून कासावीस झाली. त्यांचा निरोप येताच गोजरा निघाली. सोबत ढालकरी सटवाजी आणि तिरंदाज ठकू.

खिंडीत सात लांडग्यांनी त्यांना घेरले. सटवाजी ढाल धरून पुढे झाला.

"गोजराताई, झोपवा यांना!"

मंत्र गोजराच्या ओठांवर आला, पण तिने तो गिळला. "थोडं रेटून धर, सटवाजी. राक्षस अजून पुढे आहे."

सटवाजीने रेटून धरले. ठकूच्या बाणांनी तीन लांडगे पडले, बाकीचे पळाले. पण जाता जाता एकाने सटवाजीच्या ढालीच्या हाताचा लचका तोडला. ठकू पदर फाडून जखम बांधत होती. गोजराला तिकडे बघवेना.

दुपारी ते झऱ्यापाशी पोहोचले. गोजराने घाईने आगीचा मंत्र टाकला. राक्षसाने पाण्यात बुडी मारली, आग विझली. झोपेच्या मंत्राने तो नुसता पेंगला आणि डोके झटकून उठला. त्याने ठकूवर भलाथोरला दगड भिरकावला. सटवाजीने ढाल उचलू पाहिली, पण हात वर होईना. गोजराने तिसरा मंत्र म्हटला, म्हणून ठकू वाचली. मग तिघांना पळ काढावा लागला.

खिंडीतल्या गुहेत गोजरा सटवाजीजवळ बसली. "चुकलं माझं. मंत्र राखले आणि तुझा हात घालवला."

"भ्यालात तुम्ही. मीही भ्यालो होतो," सटवाजी म्हणाला. "पण ताई, राक्षसापुढे काय काय लागेल ते मोजताना तुम्ही तीन मंत्र मोजलेत. मला मोजलंच नाहीत."

गोजराच्या डोळ्यांत पाणी आले.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला. सटवाजीने दुसऱ्या हाताला ढाल बांधली. गुहेबाहेर उरलेले चार लांडगे टपून होते. या वेळी गोजराने क्षणभरही वाट पाहिली नाही. चौघेही जागच्या जागी झोपले.

"एक मंत्र गेला की!" ठकू म्हणाली.

"गेला नाही, कामी आला. चल."

झऱ्यावर राक्षस गोटे फेकू लागला. सटवाजी ते ढालीवर झेलत होता. गोजराची नजर सटवाजीच्या खांद्यावर होती, त्याला पेलतंय ना ते ती पाहत होती. राक्षसाने दोन्ही हातांनी शिळा उचलून फेकली, तेव्हाच तिने वार थोपवला. शिळा हवेतच थबकली आणि खाली कोसळली.

आता एकच मंत्र उरला होता. ठकूच्या बाणांनी राक्षस चवताळला, पण अजून त्याचे पाय पाण्यात होते.

"ताई, आग!" ठकू ओरडली.

"अजून नाही. त्याला वर येऊ दे."

राक्षस धावून आला. सटवाजीने त्याला अंगावर घेत, मागे सरत, पार वाळल्या गवतापर्यंत आणले आणि बाजूला उडी मारली. गोजराने आगीचा मंत्र म्हटला. राक्षसाच्या जटा पेटल्या. झरा दूर राहिला होता. तो बोंबलत डोंगरापलीकडे गेला तो कायमचाच.

माणसे घागरी घेऊन धावत आली. पहिली घागर भरली, तशी गोजराने ती उचलली आणि आधी सटवाजीच्या तोंडाशी धरली. मग ठकूला पाजले, आणि शेवटी ती स्वतः पोटभर प्यायली.

तात्पर्य: जवळ थोडेच असेल तर ते जरूर जपावे, पण सोबतच्या माणसाला पेलेनासे झाले की हात आखडता घेऊ नये.