लाल वाइन आणि मथुरेचे सोमवार

एका गावात एक भोळा जावई होता. जावई म्हणजे त्या गावचा नव्हेच, रुसून आलेल्या बायकोला न्यायला सासुरवाडीला आलेला. नाव बारकू. मन लोण्यासारखं, डोकंही तसंच.

एकदा त्याची बायको मथुरा म्हणाली, "दुधावर नजर ठेवा." त्यानं ठेवली. दूध उतू जाऊन चूल विझली, तरी नजर हलवली नाही. मथुरा माहेरी निघून आली आणि तिनं सोमवार धरले. महादेवाला एकच मागणं, "ह्यांना थोडी समज दे."

सासऱ्यांची द्राक्षबाग होती. त्या द्राक्षांची ते लाल वाइन करायचे. चव बघायला मोठ्या हॉटेलचे साहेब येणार होते.

सासरेमामा म्हणाले, "जावईबापू, पाहुण्यांची उस्तवार धड करा, मथुरेला लगेच पाठवतो. आधी वाइनरीतून बाटली आणा."

बारकूनं बाटली डोक्यावर घेतली आणि भर उन्हातून मिरवत आणली. वाइन चहासारखी तापली.

"अहो, लाल वाइनला ऊन चालत नाही! ओल्या गोणपाटात गुंडाळायची, काळोखात आडवी निजवायची. मुरेल तितकी गोडी वाढते."

"बरं मामा. पुढच्या वेळी तसंच."

मग सासूबाई म्हणाल्या, "वाइनबरोबर नागलीचे पापड छान लागतात म्हणे. शेजारून आणा बरं."

बारकूनं पापड आणले, ओल्या गोणपाटात गुंडाळले आणि काळोखात आडवे निजवले. उघडून पाहिलं तर पिठाचा गोळा.

"अगं बाई! पापड ओले करतात का? निखाऱ्यावर धरायचे, फोड आले की उलटायचे."

"बरं मामी. पुढच्या वेळी तसंच."

मग म्हशीच्या दुधाचं चीज आलं. बारकूनं ते निखाऱ्यावर धरलं आणि फोड येण्याची वाट बघत बसला. चीज टपटप चुलीत.

मथुरेच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो, आचेनं बिघडतं ते गारव्याला न्यावं. एवढं तरी ध्यानात ठेवा, माझ्यासाठी."

"ठेवलं!"

तेवढ्यात साहेब आले. गाडी वाटेत बंद पडलेली, म्हणून उन्हातून चालत. तोंड लालभडक. बारकूनं निरखून पाहिलं. लाल आहे. तापलंय. बिघडेल! त्यानं साहेबांना ओल्या गोणपाटात गुंडाळलं आणि तळघरात आडवं निजवलं.

मामांनी कपाळावर हात मारला. पण आतून आवाज आला, "आहाहा! जीव गार झाला. आता आणा तुमची वाइन."

साहेबांनी पडल्यापडल्या दोन पेले घेतले. "वाइन झकास. आणि जावई तर लाखात एक!"

मामांनी त्याच दिवशी मथुरेची पाठवणी केली. मथुरेनं लाल शालू नेसला, देवापुढं हात जोडले. "पावलास रे बाबा!"

दोघं गेल्यावर मामींना आठवलं, शिदोरी राहिली. मामामामी मागोमाग लेकीच्या घरी पोचले. बारकू उंबऱ्यावर राखण करत बसलेला.

"मथुरा कुठंय?"

"हळू बोला मामी. लाल शालूत उन्हातून आली ना! ओल्या गोणपाटात गुंडाळून काळोखात आडवी निजवलीय."

"अहो, उघडा ते दार!"

"छे! मामाच म्हणाले, मुरेल तितकी गोडी वाढते. दहाएक वर्षांनी या."

आतून मथुरेचा आवाज आला, "आई, तू आलीच आहेस तर परसातला थोडा बेल तोड. सोमवार पुन्हा पहिल्यापासून धरते!"