चांद्याने मारलेली हाक

अवजारांनाही वाचा होती, त्या काळातली गोष्ट. एका घिसाड्याच्या बैलगाडीतून भाता, ऐरण आणि हातोडा गावोगाव हिंडत. घिसाड्याला एक खोड होती. मुक्काम पडला, की चाक निसटू नये म्हणून आसाला लावलेली खीळ तो उपसायचा, जमिनीत ठोकायचा आणि तिला शेळी बांधायचा.

त्या सकाळी बाजाराच्या गावी पोचायची घाई होती. घिसाडणीने दावं सोडून शेळी गाडीमागे बांधली. खीळ मात्र जमिनीतच राहिली.

म्हातारा बैल चांद्या जुवाखाली नुसता चुळबुळत होता. काहीतरी राहिलंय, पण काय?

"अरे, सगळे आलात ना?" त्याने हाक दिली.

"आलो!" भाता फुसफुसला. "आलो!" ऐरण खणखणली.

"आता तरी हल की!" हातोडा खेकसला.

चांद्या निघाला, पण जीव काही थाऱ्यावर येईना. उतारावर चाक निखळून घरंगळत गेलं, गाडी कलंडली आणि ऐरणीखाली भाता फाटला.

"सगळ्यांनी ओ दिली होती रे!" हातोडा कण्हला.

"ओ दिली ती आलेल्यांनी," चांद्या म्हणाला. "खिळीचं नाव मी घेतलंच कुठे?"