थोरलीचा गंज

फार फार वर्षांपूर्वी, म्हणजे राज्यावर राणी होती आणि दरबारात चोपदार होते त्या काळी, एका घाटातून डिझेलचं इंजिन धावत असे. हे सगळं एकाच काळात कसं, असं कुणी शहाण्याने विचारलं, तर त्याला गोष्ट संपेपर्यंत गप्प बसायला सांगा.

त्या राज्याच्या राजधानीत एक कारागीर राहत होता. खऱ्या वस्तूंच्या छोट्या प्रतिकृती करण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. होडी सांगा, पाणचक्की सांगा, तोफ सांगा. हातभर लांबीची, पण शेवटच्या खिळ्यापर्यंत हुबेहूब.

त्याचं नाव झालं होतं ते मात्र घडवण्यापेक्षा जुनं करण्यासाठी. नवीकोरी वस्तू काय कुणीही करील, असं तो म्हणे. त्याच्या होडीच्या तळाला शेवाळ धरलेलं दिसे. त्याच्या तोफेच्या तोंडाशी धुराचा काळा थर असे आणि चाकांवर तांबूस गंज. लोक त्या गंजाला बोट लावून बघत, बोट स्वच्छ निघे, आणि मग तेच बोट ते तोंडात घालत.

होता होता लोक वस्तू बघायच्या आधीच विचारू लागले, "या खेपेला गंज कसा जमलाय?" कारागिराला हा प्रश्न फार आवडे. कुणी तो विचारला नाही, तर त्याचा दिवस वाया जाई.

राज्याच्या टोकाला तो घाट होता आणि घाटमाथ्यावर सात गावं होती. तिथे जायला रुळांशिवाय दुसरी वाट म्हणजे चढणीची पाऊलवाट. आठवड्यातून दोनदा इंजिन चार डबे ओढत वर जाई. मीठ, रॉकेल, औषधं घेऊन जाई आणि अडलेल्या बाळंतिणीला घेऊन खाली येई. माथ्यावरचे लोक त्या इंजिनाला 'थोरली' म्हणत. घरातल्या थोरल्या सुनेसारखं सगळं तिच्यावरच पडायचं, म्हणून थोरली.

एक दिवस भंगाराचा ठेकेदार राणीकडे गेला. म्हणाला, "सरकार, थोरली पार सडली आहे. कधी दरीत कोसळेल नेम नाही. मोडीत काढा, नवं इंजिन आणा." दुसऱ्या दिवशी इंजिनाच्या शेडचा मुकादम धावत आला. म्हणाला, "सरकार, थोरली ठणठणीत आहे. अजून वीस वर्षं तिला काही व्हायचं नाही."

राणी विचारात पडली. एकाचं पोट थोरली मोडण्यावर होतं, दुसऱ्याचं ती चालण्यावर. राणीचे गुडघे दुखरे. घाटाच्या पायथ्याशी जाऊन उभं राहणं तिच्याने होईना. तेव्हा तिने कारागिराला बोलावलं.

"थोरलीची प्रतिकृती कर," राणी म्हणाली. "रंग उडाला असेल तर उडालेला दाखव. गंज असेल तर गंज दाखव. आहे तशी. ती बघून मी ठरवीन, थोरली ठेवायची की मोडायची. तुझा यात काही स्वार्थ नाही, म्हणून तुला सांगते आहे."

कारागिराने मान लववून मुजरा केला. आपला यात काही स्वार्थ नाही, असं त्यालाही वाटलं.

तो शेडवर गेला आणि थोरलीला पाहून त्याचा चेहराच उतरला. इंजिन साफ होतं. टपावर धुराड्याभोवती थोडी काजळी, खाली चाकांशी घाटातली तांबडी धूळ, बस. एकतीस वर्षं थोरली चालवणारा ड्रायव्हर तिथेच चिंध्यांचा बोळा घेऊन तिचं अंग पुसत होता.

"रोज पुसता की काय?" कारागिराने विचारलं. आवाजात तक्रार होती.

"व्हय," ड्रायव्हर म्हणाला. "आधी हिचं तोंड पुसायचं, मग आपलं धुवायचं. या की, वर या. हात लावून बघा. कुटं कुटं काय झालंय, समदं दावतो तुमास्नी."

"मला मापं घ्यायची आहेत," कारागीर म्हणाला.

तीन दिवस त्याने मापं घेतली. दांडे मोजले, जाळ्या मोजल्या, पत्र्यावरचे रिव्हेट ओळीने मोजले. ड्रायव्हर रोज म्हणे, या, दाखवतो. कारागीर रोज म्हणे, उद्या. थोरलीकडे बघताना त्याला थोरली दिसतच नव्हती; इथे गंज किती शोभेल, इथून तेलाचा ओघळ कसा छान उतरेल, हेच दिसत होतं. वहीत मापांशेजारी त्याने तेवढ्याच खुणा केल्या.

घरी येऊन तो कामाला बसला. पितळी पत्रा कापून त्याने अंग घडवलं. पत्र्याला मागून सुईने टोचून रिव्हेटांचे टपोरे ठिपके उठवले. केसाएवढ्या तारेची जाळी विणली, खिडक्यांना अभ्रक लावलं, हिरवा रंग चढवला. दोन महिन्यांनी थोरली पाटावर उभी राहिली. साफ, नीटनेटकी, धुराड्याशी जराशी काळी.

त्याची बायको चहा घेऊन आली आणि बघतच राहिली. "अगदी खरी वाटतेय हो," ती म्हणाली.

"अजून व्हायची आहे," तो म्हणाला.

"आता काय राहिलं?"

कारागीर मनात विचार करू लागला. ही अशीच दरबारात नेली, तर कोण काय म्हणेल? लोक विचारतील, गंज कुठे आहे? म्हणतील, म्हाताऱ्याचा हात गेला.

त्याने एक युक्ती केली, त्याच्या हातखंड्याची. जागोजागी हिरवा रंग खरवडून तिथे आधी गंजाचा तांबूस रंग दिला. त्यावर ओलसर मिठाचे दाणे पेरले. वरून पुन्हा हिरवा रंग मारला. सुकल्यावर मीठ चोळून काढलं, की दाण्यांच्या जागी आतला तांबूस रंग उघडा पडला. पोपडे निघून गंज वर आलाय, असं कुणालाही वाटावं. मग खिडक्यांखाली तेलाचे ओघळ आले. दाराजवळच्या दांड्याला खवले आले. एका कोपऱ्यात तर पत्रा कुजून भोक पडायला आलाय, असं त्याने दाखवलं. तो कोपरा त्याच्या आयुष्यातला सर्वांत सुंदर कोपरा होता.

बायको म्हणाली, "अहो, एवढं खराब झालंय का ते?"

"तुला त्यातलं काय कळतंय?" तो म्हणाला.

दरबारात प्रतिकृती ठेवली. मग एकच कौतुक सुरू झालं. सरदार वाकवाकून बघू लागले. एकाने गंजाला बोट लावलं आणि बोट बघून तो मोठ्याने हसला. कारागिराचं मन भरून आलं.

राणीने प्रतिकृती मांडीवर घेतली. कोपऱ्यातल्या कुजक्या पत्र्यावरून तिने हळूच अंगठा फिरवला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "बिचारी," ती म्हणाली. "किती झिजली आहे. हिला आता घाट चढायला लावणं पाप आहे. मोडीत काढा."

ड्रायव्हरला साक्षीसाठी बोलावलं होतं. तो पुढे आला, त्याने प्रतिकृतीकडे नीट पाहिलं आणि हात जोडले.

"सरकार, चाकं माजी, खिडक्या माज्या, समदं माजंच हाय," तो म्हणाला. "पर ह्यो गंज माजा न्हाई."

राणीने कारागिराकडे पाहिलं. "तू तिथे गंज पाहिलास?"

एक शब्द पुरेसा होता. पण नुकतंच ज्यांनी तोंडात बोटं घातली होती, ते सगळे त्याच्याकडे बघत होते. नाही म्हणावं, तर तो कोपरा खोटा ठरणार, ओघळ खोटे ठरणार, आणि सगळी वाहवा त्यांच्याबरोबर जाणार.

"पाहिला, सरकार," कारागीर म्हणाला. "ड्रायव्हरचा तिच्यावर जीव आहे. त्याला दिसत नसेल."

राणीला ते पटलं. माया आंधळी असते, असं तिला वाटलं. कारागिराला सोन्याचं कडं मिळालं.

महिन्याभरात थोरलीचे तुकडे झाले. नवं इंजिन आलं, चकचकीत आणि अवजड. पहिल्याच फेरीला घाटातल्या जुन्या पुलाने कण्हून दाखवलं आणि ते इंजिन उलट्या पावली परत आलं. हलक्या अंगाची थोरलीच त्या पुलाला पेलवायची, हे तेव्हा कळलं. घाटाची गाडी बंद झाली. माथ्यावरची माणसं मिठाची पोती डोक्यावर घेऊन पाऊलवाट चढू लागली. पावसाळ्यात एका बाळंतिणीला झोळीतून खाली आणताना उशीर झाला. ती वाचली नाही.

हे कानावर आलं तेव्हा राणीला राहवेना. गुडघे दुखत असतानाही ती पालखीतून घाटाच्या पायथ्याशी गेली. थोरलीचे शेवटचे तुकडे बैलगाडीत भरून भट्टीकडे निघाले होते. राणीने गाडी थांबवली. एका पत्र्याची कापलेली कड पाहिली. लोखंड आतून बाहेरून निकोप होतं. गाडी पुढे गेली आणि राणी राजवाड्यावर परतली.

तिने कारागिराला बोलावलं. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, असं त्याला पुढे पुष्कळदा वाटलं.

"मला थोरलीची आणखी एक प्रतिकृती हवी आहे," राणी म्हणाली. "या खेपेला ती होती तशी. माथ्यावरच्या लोकांना ती द्यायची आहे. त्यांच्याकडे तिची दुसरी काहीच आठवण नाही."

कारागीर घरी आला. पितळी अंग त्याने पंधरा दिवसांत घडवलं, कारण मापं वहीत होती आणि हातही बसला होता. मग रंगाला हात घातला आणि तो थांबला. हिरवा खरा, पण कोणता हिरवा? उन्हाने कोणती बाजू फिकटली होती? चढताना कुठे पाय पडून पडून रंग गेला होता? त्याने वही उघडली. वहीत पानोपानी लिहिलं होतं, इथे गंज, इथे ओघळ, इथे खवले. मापं आणि हे, याशिवाय काही नव्हतं. डोळे मिटले तर त्याला त्याने रंगवलेली थोरली दिसे. खरी दिसेना.

शेवटी तो ड्रायव्हरच्या शोधात निघाला. ड्रायव्हर त्याला घाटाच्या पाऊलवाटेवर भेटला. मिठाचं पोतं दगडाला टेकवून तो दम खात बसला होता. कारागिराने सगळं सांगितलं आणि वही पुढे केली.

"तुम्ही सांगाल तसं करतो," तो म्हणाला. "दाराजवळचा दांडा कसा होता, एवढं तरी सांगा."

ड्रायव्हरने आपला तळवा उघडून पाहिला. "एकतीस वर्सं ह्या हातानं धरला. घासून घासून चांदीवानी झालता. तुमी नेमके त्येच्यावरच खवलं काडलं."

कारागिराने मान खाली घातली. "आणि रंग?"

"हिरवा."

"कसा हिरवा?"

"त्ये कसं सांगू?" ड्रायव्हर म्हणाला. "माज्या डोळ्यांम्होरं हाय, पर तोंडानं कसं दावू? तीन दिस तिच्या अंगाला अंग लावून हुता तुमी. तवा बगायचं हुतं."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. त्याने पोतं डोक्यावर घेतलं आणि तो चढू लागला. वरच्या वळणावर दिसेनासा होईपर्यंत कारागीर त्याच्याकडे बघत उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी तो दरबारात गेला. त्याने हातातलं सोन्याचं कडं काढून ठेवलं, आणि शेजारी रंग न दिलेलं पितळी इंजिन.

"सरकार, यापुढे मला येत नाही," तो म्हणाला. "मी थोरली पाहिलीच नाही."

राणीने ते बिनरंगाचं इंजिन मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "हेच वाक्य त्या दिवशी बोलला असतास, तर ती आज घाट चढत असती."

त्यानंतर कारागिराने पुष्कळ वस्तू घडवल्या, पण कुठल्याही वस्तूला त्याने जुनं केलं नाही. बिनरंगाचं इंजिन माथ्यावरच्या सात गावांना पाठवण्यात आलं. त्यांनी ते ठेवून घेतलं, पण त्याला थोरली असं कुणी म्हटलं नाही.

तात्पर्य : आपली कला मिरवण्यासाठी जो सत्यावर खोटा रंग चढवतो, त्याला पुढे खरं सांगायची इच्छा झाली तरी सांगण्यासारखं खरं त्याच्यापाशी उरत नाही.