दादू मोठा की सुयश?

“तुम्ही तरी खरं सांगा, वस्ताद. दादू मगदूम माझ्याम्होरं टिकला असता का?”

हिंदुराव वस्तादांनी मान वर केली नाही. ते आखाड्यातली माती फावड्यानं उकरत होते. वय अठ्ठ्याहत्तर, पण सकाळची माती दुसऱ्या कुणाला उकरू द्यायची नाही हा त्यांचा हट्ट.

सुयश खोत कडेला उभा होता. चारच दिवसांपूर्वी त्यानं मॅटवर राज्याची मानाची गदा पटकावली होती. गावात मिरवणूक निघाली, गुलाल उधळला. एवढं सगळं होऊन काय? तर पारावरच्या म्हाताऱ्यांनी एका वाक्यात त्यावर पाणी ओतलं.

“पोरगं बरं हाय. पन दादूची सर न्हाई.”

दादूला मरून चाळीस वर्षं झाली होती. तालमीच्या भिंतीवर सगळ्यात वर त्याचा फोटो. येत्या रविवारी सुयशचा फोटो लागायचा होता. म्हातारे म्हणाले, लावा की, पण दादूच्या खाली.

ते ऐकल्यापासून सुयशच्या अंगाचा तिळपापड झाला होता.

“खाली लागणार असंल तर माझा फोटो लावूच नका,” तो म्हणाला. “हरयाणातनं बोलावणं आलंय मला. तुम्हीबी म्हणालात दादू मोठा, तर उद्या बॅग भरतो. परत ह्या तालमीचं तोंड बघणार न्हाई.”

फावडं थांबलं. या पोराला पहिला लंगोट वस्तादांनीच बांधला होता, आणि त्यांना स्वतःचं मूलबाळ नव्हतं.

“दादूला बघितलंयस कधी?”

“रोज बघतोय की फोटोत. पोट बघा त्याचं! तूप खाऊन सुटल्यालं. डाएट म्हाईत न्हाई, जिम म्हाईत न्हाई.”

“मग?”

“मग काय? पाडला असता!”

वस्तादांनी मातीतला एक खडा वेचून बाहेर टाकला.

“व्हय. पाडला असतास.”

सुयश भांडायच्या तयारीनं आला होता.

“...खरंच?”

“आठ-नऊ मिनिटांत. बिडी वडायचा त्यो. धा मिनिटं झाली की छाती भात्यागत वाजायची. तू त्येला दमवला असतास, पट काढला असतास आनि चित केला असतास. दमात त्यो तुझ्या पासंगाला पुरला नसता.”

“हे तुम्ही कशावरनं म्हणता?”

“मी पाडलाय त्येला.”

“तुम्ही? दादूला?”

“बावीस वर्सांचा हुतो.”

“पण हे कधी कुणी बोललं न्हाई!”

“पारावरची म्हातारी ती कुस्ती धरत न्हाईत. म्हनत्यात, त्या दिवशी दादूला ताप हुता.”

“होता का?”

“मला काय ठावं? मी पाडाय गेलतो, ताप बघाय न्हवं.”

सुयश खो खो हसला. चार दिवसांत पहिल्यांदा त्याला मोकळं वाटलं. वस्तादांना मिठी मारावी असं त्याच्या मनात आलं.

“मग रविवारी सगळ्यांसमोर हेच सांगा!”

“सांगतो की. माइक घिऊन सांगतो. भितो काय कुनाला?”

“आणि माझा फोटो वर...”

वस्तादांनी फावडं भिंतीला टेकवलं, सदरा काढून खुंटीला अडकवला. वाळलेल्या मांडीवर थाप मारली. मग उजवा हात वर केला आणि आखाड्यात गोल फिरू लागले.

हे काय चाललंय ते सुयशला सांगायची गरज नव्हती. जत्रेच्या मैदानात हलगी कडाडते आणि पैलवान असाच हात वर करून फिरतो. ज्याच्यात धमक असेल त्यानं उठायचं आणि त्या हाताला हात लावायचा. लावला की जोड ठरली.

एक फेरी झाली.

दुसरी झाली...

“वस्ताद, काय हे? मी तुमच्या हाताला हात लावू व्हय? पाप लागंल मला.”

“माझ्या न्हाई लावलास, झ्याक केलंस,” वस्ताद फिरता फिरताच म्हणाले. “गेल्या म्हैन्यात जत्रंत बिरू वाघमोडेच्या का न्हाई लावलास?”

सुयशचा चेहरा खर्रकन उतरला.

बिरू वाघमोडे म्हणजे सांगोल्याकडचा पैलवान. तो मॅटवर उतरत नाही, गदेच्या वाटेला जात नाही. मातीत मात्र सहा वर्षांत कुणी त्याची पाठ टेकवलेली नव्हती. त्या दिवशी बिरू हात वर करून तीन फेऱ्या फिरला होता. तिन्ही वेळा पाहुण्यांच्या खुर्च्यांसमोर जरा थांबला होता. आणि सुयश खांद्यावर सत्काराची शाल घेऊन मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. वस्ताद मागं गर्दीत उभे असतील हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

“गदा तोंडावर आलती!” सुयश उसळला. “गुडघ्याला काय झालं असतं म्हंजे? मातीतल्या कुस्तीला पॉइंट न्हाईत, सिलेक्शन न्हाई. आणि हरलो असतो तर सगळी म्हणाली असती...”



वस्ताद थांबले. त्यांना धाप लागली होती. कमरेवर हात ठेवून ते उभे राहिले.

“दादूला पाडला त्या दिवशी माझ्याबी हाताला कुनी हात लावंना. आदल्या आठवड्यात दोघांचं खांदं उतरिवलं हुतं मी. दादू छत्तिशीचा. दोन पोरींचा बाप. मानपान सगळा मिळाल्याला. पाव्हना म्हनून पयल्या रांगंत बसलता. त्येनं डोस्क्यावरचा फेटा काढला, शेजारच्याच्या मांडीवर ठिवला, आनि आला.”

“हरणार हे म्हाईत असून?”

“म्हाईत असनारच की! आंधळा हुता काय?”

“...मग?”

“मग काय. मी चित केला. त्यो उठला, पाठीची माती झटाकली आनि माझा हात धरून सगळ्या मैदानाला फिरवला. वरडून सांगत हुता, बघा रं, ह्या पोराकडं बघा. भिंतीवरचा त्यो फोटो पारावरच्यांनी न्हाई लावला, सुयश. खिळा म्या ठोकलाय.”



सुयश मान खाली घालणाऱ्यातला नव्हता. त्याचे डोळे भरून आले होते, तरी आवाज चढाच होता.

“पण तुम्हीच म्हणालात, मी त्याला पाडला असता! आता शब्द फिरवू नका, वस्ताद.”

वस्तादांनी पुन्हा फावडं हातात घेतलं.

“फिरवतोय कुठं? पाडला असतास, एकशे एक टक्का. पन त्येच्या हाताला हात लावाय, आधी खुर्चीवरनं उठाय लागलं असतं रं तुला.”