थकलेल्या हातांचे माप

एकदा घाटाच्या पायथ्याशी असलेल्या एका बाजाराच्या गावात मोटारसायकली दुरुस्त करणारे एक वृद्ध कारागीर राहत होते. सारी पंचक्रोशी त्यांना वस्ताद म्हणे. इंजिन खोलणारे गावात आणखी चौघे होते. पण गाडी माणसाच्या अंगाला बसवून द्यावी ती वस्तादांनीच, असा त्यांचा लौकिक होता. त्यांच्या हाताखाली हणमंत नावाचा शिष्य काम शिकत होता. पंचविशी उलटलेला, हाताने चपळ, आणि आपण चपळ आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होते.

एके सकाळी रसाळ डॉक्टर आले. हे गुरांचे डॉक्टर. वय पंचावन्नच्या पुढे, आणि पठारावरच्या चौदा वाड्यांचा भार एकट्यावर.

“वस्ताद, वर पोचेपर्यंत बोटं मेलेली असतात,” ते म्हणाले. “सगळं वजन तळहातांवर येतं. आधी मुंग्या येतात, मग काहीच कळत नाही. गेल्या आठवड्यात शेवंताबाईची गाय अडली. वासराचा पाय आत मुडपला होता. हात घातला, पण हा खूर की गुडघा, काही समजेना. हात चोळत बसलो. तेवढ्यात वासरू गेलं.”

त्यांनी हेल्मेट हँडलला अडकवले. “बाई एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.”

“मग आता काय म्हणता?” वस्तादांनी विचारले.

“घरचे म्हणतात, दवाखान्यात बसा, लोक जनावरं घेऊन येतील. अडलेली गाय घाट उतरून कशी येणार? मी जाणार. तुम्ही हँडलचं काहीतरी करा.”

वस्तादांनी त्यांना गाडीवर बसायला सांगितले. डॉक्टर फोटोला बसावे तसे ताठ बसले. वस्तादांनी त्यांच्याकडे नीट पाहिले आणि हातातला पाना खाली ठेवला.

“आत्ता न्हाई जमायचं, डॉक्टर. सगळ्या वाड्या करून सांजच्याला या. येताना कुठं च्याला थांबू नका, पाठ टेकू नका. थेट हितं या, आन् मी सांगस्तवर गाडीवरनं उतरू नका.”

“अहो, चार बोल्टांचं तर काम!”

“चारच हायती,” वस्ताद म्हणाले, “पर दिवसभर तुमाला त्यांच्यासंगं ऱ्हायाचंय.”

डॉक्टर चरफडत निघाले. हणमंतलाही हे मुळीच रुचले नाही. दुखणे घेऊन दारात आलेल्या माणसाला तसेच माघारी धाडायचे, ही कसली विद्या? वस्ताद आत वळताच त्याने पाना उचलला आणि कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपावर डॉक्टरांना गाठले. डॉक्टर पुन्हा ताठ बसले. हणमंतने बोल्ट सैल केले, हँडल उभे करून वर आणले आणि बोल्ट आवळले.

“वा! राजासारखं वाटतंय,” डॉक्टर म्हणाले. हणमंतची छाती फुगली.

सायंकाळी साडेपाचला गाडी परत आली. डॉक्टरांचा चेहरा पाहूनच हणमंतने हातातले काम खाली ठेवले.

“बोटं गेलीच होती,” डॉक्टर म्हणाले, “आज मनगटंही धरली.”

वस्तादांनी हँडलकडे पाहिले. हणमंतला गप्प राहता आले असते. पण तो पुढे झाला. “म्या केलं, वस्ताद. सकाळी, पंपावर.”

वस्ताद रागावले, आणि राग गिळायची त्यांना सवय नव्हती. “माझं न्हाई ऐकलंस, त्येचं मला काय न्हाई. ह्या मानसाचे हात दिसभर दुखले, त्येची लाज वाटू दे. आता मागनं गाडी धर. हलू देऊ नको.”

मग त्यांनी कामाला हात न लावता डॉक्टरांना विचारले, “आज काय काय बघितलंत?”

डॉक्टर सांगू लागले. एका बैलाचा खूर, तीन शेळ्या, एका गाईचा ताप. बोलता बोलता त्यांचे खांदे उतरले, पाठीला बाक आला, बैठक मागे सरकली. सकाळचा ताठ गृहस्थ हळूहळू नाहीसा झाला आणि दिवसभर राबलेला एक माणूस सीटवर उरला.

“आता हँडल सोडा,” वस्ताद हलकेच म्हणाले. “हात म्होरं करा. जिथं आपसूक येतील तिथं.”

डॉक्टरांचे हात हँडलच्या पुष्कळ खाली आणि अलीकडे येऊन थांबले. वस्तादांनी बोल्ट सैल केले आणि हँडल मागे फिरवत त्या थकलेल्या हातांपर्यंत आणले. क्लच-ब्रेकच्या लिव्हर मनगट सरळ राहील इतक्या झुकवल्या. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून कुठली वायर ताणत नाही ना, हे पाहिले. मग एकेक बोल्ट आवळला.

एवढ्यात डॉक्टरांचा फोन वाजला. सगळ्यात वरच्या वाडीवर म्हैस अडली होती, आणि रेडकाचा पाय मुडपला होता. डॉक्टरांनी एकवार स्वतःच्या बोटांकडे पाहिले. “निघालोच,” एवढेच म्हणून त्यांनी गाडी घाटाकडे वळवली.

ती वळणाआड जाईपर्यंत दोघे पाहत राहिले. मग हणमंतने विचारले, “वस्ताद, सकाळी का न्हाई केलंत?”

“सकाळी मानूस बसतो तो चारचौघांत दिसायचं तसा. त्येला कुठलंबी हँडल ग्वाड लागतंय. पर घाटातल्या शेवटच्या वळनावर त्यो नसतो रं, दमलेला असतो. माप त्या दमलेल्याचं घ्यायचं. त्यो टिकला तर गाडी वर पोचती.”

“म्हंजी दमलेल्याचे लाड करायचे?”

“लाड करायचे असते, तर म्या बी त्येंना दवाखान्यात बसा म्हनलं असतं,” वस्ताद म्हणाले. “त्येंना वर जायाचंय. काय बी झालं तरी जायाचंय. म्हनून तर एवढा खटाटोप.”

दुसऱ्या दिवशी डॉक्टर वस्तादांच्या दारासमोर मुद्दाम थांबले. गाडी बंद न करताच म्हणाले, “हात घातला आणि खूर लागला. पहिल्या झटक्यात! रेडकू उभं राहिलं, वस्ताद.” आणि भर रस्त्यात त्या भल्या माणसाचे डोळे भरून आले. आपली चपळाई नेमकी कुठे कमी पडली, हे हणमंतला त्या क्षणी पुरते उमगले.

आपण आपले संकल्प नेहमी भल्या सकाळी, ताठ बसून करतो. चार दिवसांत ते मोडले की स्वतःला दुबळे ठरवून मोकळे होतो. जिथे जायचे आहे ते मुळीच सोडू नये. पण पुढचा संकल्प दिवसभर राबून, दमून घरी आल्यावर करून पाहावा.