बोरडोहाचा शेवटला प्याला

बोरडोह गावाचं ख्रिस्ती उपासना मंदिर डोहाच्या वरच्या अंगाला आहे. कौलं अलीकडची, भिंती मात्र जुन्या, पांढऱ्या मातीच्या. प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस वाटायच्या, रविवारी पाहुणा म्हणून येऊन बसलात तर एक गोष्ट ध्यानात येईल. बाकीच्या गावांत पाळक आधी प्याला घेतात, मग पंच, मग मंडळी. इथं प्याला निघतो तो थेट दाराजवळच्या बाकाकडे, चपला काढतात तिथं. तिथून माणसामाणसांतून सरकत पुढं येतो. पाळकांच्या ओठाला तो लागतो सगळ्यांत शेवटी. नवे पाळक येतात, पहिल्या रविवारी बुचकळ्यात पडतात, आणि कुणीतरी हळूच त्यांच्या कानात सांगतं, "इथली रीत तशी आहे."

रीत का पडली हे आमच्या आळीतली, म्हणजे जुन्या महारवाड्यातली, माणसं आपण होऊन सांगत नाहीत. विचारलं तर सांगतात, पण जमिनीकडे बघून.

मोठ्या दुष्काळाच्याही आधीची ही गोष्ट, असं सांगतात. बोरडोहात येशूचं नाव पहिल्यानं घेतलं ते महारवाड्यातल्या लखूनं. बाप्तिस्मा घेतला आणि त्याचा लाजरस झाला. चार बुकं शिकला, म्हणून पाद्रीसाहेबांनी त्याला उपदेशक नेमलं. साहेब राहायचे नगरला. तीन महिन्यांतून एकदा टांग्यातून यायचे, लाजरस ज्याला "तयार आहे" म्हणेल त्याला बाप्तिस्मा द्यायचे आणि प्रभुभोजन देऊन परत जायचे.

लाजरसची वाणी गोड होती म्हणे. संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर उभा राहून सांगायचा, "तारण पुण्यानं मिळत नाही. उपासानं नाही, दानानं नाही, जातीनं नाही. रिकाम्या हातानं या. निस्ता विश्वास ठेवा, बास." ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांना पाणी यायचं. त्याच्याही यायचं. ते खोटं नव्हतं.

ओट्याच्या खाली, रस्त्याच्या पलीकडं, मांगवाड्यातली ठकुबाई दोर वळायची. घायपाताचा वाख खुंटीला अडकवायचा आणि पीळ देत देत मागं मागं सरायचं, असं ते काम. तिच्या दाव्यांनी गावातली निम्मी गुरं बांधलेली असायची. ती दोर वळता वळता ऐकायची. एके दिवशी वाख खाली ठेवून ओट्यापाशी आली.

"मास्तर, निस्ता भरवसा ठिवला की झालं?"

"झालं."

"मंग माझा हाये. कवापासनं हाये. साहेब आलं की माझ्या बी डोईवर पानी घाला."

लाजरसनं हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाला, "तसं कसं, ठकुबाई? दहा आज्ञा पाठ पाहिजेत."

ठकुबाईनं आज्ञा पाठ केल्या. दोर वळताना म्हणायची, मागं सरता सरता. तीन महिन्यांनी परीक्षेला उभी राहिली. सगळ्या आल्या, पण चोरीची आज्ञा तिनं खुनाच्या आधी म्हटली.

"चुकलं," लाजरस म्हणाला.

"मास्तर, म्या खून बी करत नाय आन् चोरी बी करत नाय. मंग कंचं म्होरं आन् कंचं मागं, त्यानं काय व्हतंय?"

ओट्यावरची माणसं हसली. लाजरसलाही हसू आलं, पण त्यानं ते दाबलं. "पुढच्या खेपेला," म्हणाला.

पुढच्या खेपेला त्यानं प्रभूची प्रार्थना विचारली. तीही आली. मग मतांगीकार, म्हणजे काय काय मानतो त्याची कबुली, काढला. तो लांबलचक, ती मध्येच अडखळली. त्याच्या पुढच्या खेपेला म्हणाला, तुझा लेक मरीआईच्या जत्रेत हलगी वाजवतो, ते आधी बंद कर. लेकानं हलगी खुंटीला टांगली. त्या वर्षी जत्रेची बिदागी गेली, सुपारी गेली, तरी टांगली. लाजरसनं आणखी काहीतरी काढलं. काय काढलं ते आता कुणाला आठवत नाही. दोन वर्षं गेली.

खरं कारण आज्ञांत नव्हतं. ते लाजरसच्या घरात होतं. त्याची आई सारजाबाई एका रात्री भाकरी थापता थापता म्हणाली होती, "तुजा येशू मी मानला. पर मांगिनीनं वट लावलेल्या प्याल्याला मी वट लावायची न्हाय. सांगून ठिवते." लाजरस आईला काही बोलला नाही. बोलला नाही, कारण आई बोलली ते त्याच्याही पोटात होतंच. ज्यांनी आपल्याला विहिरीवर चढू दिलं नाही त्यांच्यावर तो ओट्यावरून कडाडायचा, आणि स्वतः मात्र मांगवाड्यातल्या माठाचं पाणी कधी प्यायला नव्हता. ही गोष्ट त्यानं प्रार्थनेतसुद्धा देवाला सांगितली नाही, असं म्हणतात. त्याची लाज त्याला वाटायची. पण लाजेपेक्षा तो प्याला त्याला अवघड वाटायचा.

मग गावात पटकी आली. चार दिवसांत अकरा माणसं गेली. उरलेली रानात पांगली. लाजरसच्या घरात दोघंही आडवी, तो आणि आई. मंडळीतले लोक दाराशी यायचे, लांबून प्रार्थना करायचे आणि निघून जायचे. त्यांचंही काय चुकलं म्हणा, घरोघर लेकरं होती.

आत आली ती ठकुबाई. कण्यांची पातळ पेज आणि तिच्या घरचा पाण्याचा लोटा घेऊन. आधी सारजाबाईचं डोकं मांडीवर घेतलं, थेंब थेंब पाजलं. म्हातारी प्याली. मग लाजरसकडे वळली. त्याची जीभ टाळूला चिकटली होती. लोटा ओठाशी आला आणि त्यानं तोंड फिरवलं.

ठकुबाईला वाटलं, मास्तरला पाण्याची शंका येतीय. म्हणून तिनं लोट्याला तोंड लावून स्वतः घोट घेतला. "चांगलं हाये बगा. म्या प्याले." आणि तोच लोटा परत पुढं केला.

लाजरस प्याला. सगळा लोटा प्याला. पुढं तो सांगायचा म्हणे की आयुष्यात तेवढं गोड पाणी प्यायलो नाही, आणि तेवढं कडूही नाही.

मायलेक वाचले. चौथ्या दिवशी लाजरस भिंत धरून उभा राहिला, तर कळलं की ठकुबाई पडली आहे. एका हातात काठी, एका हातात पाण्याची वाटी घेऊन तो मांगवाड्यात गेला. जन्मात पहिल्यांदा. खोपटाच्या दाराला वाकून आत शिरला. तिला बाप्तिस्मा द्यायचा अधिकार त्याला नव्हता, तो साहेबांचा. पण त्यानं ठरवलं होतं की साहेबांची वाट बघायची नाही, आपण पाणी घालायचं. पुढं साहेब नोकरीवरनं काढतील तर काढू देत.

ठकुबाईनं त्याला पाहिलं आणि उठायची धडपड केली. तिला वाटलं, मास्तर परीक्षा घ्यायला आला.

"थांबा मास्तर. म्हन्ते." आणि म्हणायला लागली. पहिली, दुसरी, तिसरी. आवाज गाळात रुतल्यासारखा येत होता. आईबापाचा मान राख. खून करू नको. बरोबर, या खेपेला बरोबर. लाजरस वाटी खाली ठेवून गुडघ्यांवर बसला, दोन्ही हात जोडले. "राहू द्या, ठकुबाई. राहू द्या."

ती थांबली. त्याच्याकडे बघितलं.

"का वं? पुन्यांदा चुकलं?"

"नाही," तो म्हणाला. पण तेवढ्यात तिची मान कलंडली. पाण्याची वाटी तशीच भरलेली राहिली.

ते "नाही" तिच्या कानावर पडलं का नाही, यावर बोरडोहात अजून दोन मतं आहेत. आमच्या आळीतले म्हणतात, पडलं, तिच्या ओठावर हसू होतं. मांगवाड्यातले म्हणतात, नाही पडलं. आणि त्या दिवशी खोपटात जी माणसं होती ती मांगवाड्यातलीच होती.

साहेब आले ते महिन्यानं. प्रभुभोजन मांडलं. साहेबांनी रिवाजाप्रमाणं प्याला आधी लाजरसच्या हाती दिला. इथं अद्भुत घडलं असं सांगतात. पितळेचा एवढासा प्याला, जात्याच्या तळीएवढा जड झाला. दोन्ही हातांनी लाजरसला तो छातीच्या वर उचलेना. रस हिंदकळून त्याच्या बाह्यांवर सांडला. त्यानं प्याला खाली ठेवला आणि मंडळीकडे तोंड केलं.

मग त्यानं सगळं सांगितलं. आज्ञा, मतांगीकार, हलगी. त्यामागं काय होतं तेही. "मी तुम्हाला सांगितलं रिकाम्या हातानं या," म्हणाला. "ती आली. मीच तिच्या हातात ओझं देत राहिलो. माझ्या ओठासाठी." कुणी कुणाकडे बघेना. ज्यांनी परीक्षेला हसून घेतलं होतं ते सगळे तिथंच बसले होते.

पुढच्या रांगेतून सारजाबाई उठली. गुडघ्यावर हात टेकत चालत दारापर्यंत गेली. दाराबाहेर ठकुबाईची सून गजरा उभी होती, कडेवर पोर घेऊन. तिला मनगटाला धरून म्हातारीनं आत आणलं. "साहेब, ही आधी."

गजरा हात सोडवायला बघत होती. "आवं आजी, मला येक बी आज्ञा येत न्हाय."

"मला तरी कुटं येत्यात? तिसरीच्या म्होरं मी कवाच गेले न्हाय. माज्या लेकानं मला इचारलंच न्हाय."

हे ऐकून लाजरसनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं, असं सांगतात.

साहेबांनी गजराला एकच विचारलं, "बाई, प्रभूवर तुझा भरवसा आहे?"

"सासूचा व्हता," गजरा म्हणाली. "तिला मरताना बगितलंय. माजा बी हाये."

साहेबांनी तिथंच तिच्या डोक्यावर पाणी घातलं. मग प्याला गजराच्या हाती दिला. ती प्याली. तिच्या हातातून तो सारजाबाईनं घेतला, पदरानं न पुसता, जिथं गजराचा ओठ लागला होता तिथंच ओठ लावला. मग एकेक जण प्यायला. शेवटी प्याला लाजरसकडे आला, तेव्हा हलका होता. तळाशी एक घोट होता, तेवढा लाजरस प्यायला.

त्यानंतर सव्वीस वर्षं तो उपदेशक होता. बाप्तिस्म्याला कुणाकडून काही म्हणवून घेतलं नाही. शिकवायचा सगळं, पण पाणी घातल्यावर. आणि प्याला कधी आधी घेतला नाही. हातात धरून विचारायचा, "सगळ्यांचं झालं का?"

आजही बोरडोहाचे पाळक प्याला घेण्याआधी हेच विचारतात. उत्तर द्यायचा मान दाराजवळच्या बाकाचा. तिथली, मांगवाड्यातली, एखादी म्हातारी म्हणते, "झालं, घे आता." पाळक कितीही शिकलेला असो, त्याला ती 'घे'च म्हणते. आणि कधी कधी ती लगेच बोलत नाही. तोवर पाळक प्याला धरून, मान खाली घालून उभे असतात, आणि पुढच्या बाकांवरचे आम्हीही.